पासिंगचा चैत्र

परीक्षा आल्या की आमच्या सदाशिव पेठेत चहाच्या टपरीवरचं पातेलं खाली उतरत नाही. बोळाबोळांतून पाठांतराचा एक सपाट, दमलेला आवाज येत राहतो. समोरच्या इमारतीत खोली घेऊन राहणारी मुलगी गॅलरीत येरझारा घालत राज्यघटनेची कलमं घोकते. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. पर्वतीच्या उतारावर गिरिपुष्पाचा फिकट गुलाबी रंग चढलेला असतो. दुपारी कावळेसुद्धा काही बोलत नाहीत. हवेला तापलेल्या डांबराचा आणि कुणाच्या तरी खिडकीतल्या वाळ्याचा असा मिसळलेला वास येतो. आणि मला, काही कारण नसताना, डिझेलचा वास आठवतो.

त्या वर्षी याच दिवसांत आमच्या बसचं पासिंग होतं. गाडी जुनी झाली की सरकारी निरीक्षकाला दाखवून ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असा दाखला घ्यावा लागतो. त्याला सगळे पासिंग म्हणतात. पेठेतली पोरं त्यांच्या परीक्षेला बसत होती, आमची बस तिच्या. निकाल सगळ्यांचेच उन्हाळ्यात लागायचे होते.

आमची कंपनी धायरीला होती. दवाखान्यांना लागणारी बँडेजं, गॉजच्या घड्या, जखमेवर बांधायच्या पट्ट्या असा माल निघायचा. कामाला जवळजवळ सगळ्या बायका, आणि त्यातल्या बहुतेक येरवड्याच्या. येरवडा शहराच्या एका टोकाला, धायरी दुसऱ्या. असं कसं, तर कंपनी मुळात येरवड्यातल्याच एका शेडमध्ये सुरू झालेली. पुढे ती शेड सोडावी लागली. आमचे मालक दामलेसाहेब यांना धायरीत जागा मिळाली. हाताला वळण बसलेल्या बायका सुटून जाऊ नयेत म्हणून त्यांनी बस घेतली, आणि शेडच्या दारात उभं राहून सांगितलं, ‘जागा बदलली तरी तुम्हाला काही बदलायचं नाही. दारातून नेऊ, दारात सोडू.’ त्या शब्दावर बायका रोज अख्खं पुणं ओलांडायला लागल्या.

मी कंपनीत प्रशासन बघायचे. प्रशासन म्हणजे पगारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जे जे कुणाचंच नसतं ते सगळं. बस सकाळी येरवड्याहून निघायची, नदी ओलांडून, स्टेशनावरून टिळक रस्त्याला यायची, तिथे मी चढायचे. मग दांडेकर पूल, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी. सिंहगड रस्ता तेव्हाही कुठे ना कुठे खणलेलाच असायचा. कधी पुलासाठी, कधी पाइपासाठी, कधी आधी खणलेलं नीट बुजवण्यासाठी.

बस क्रीम रंगाची, पोटाशी निळा पट्टा. सीटचं रेक्झिन फाटत गेलं तसतसं बायकांनी त्यावर कंपनीतलं बाद झालेलं बँडेज घट्ट गुंडाळलं होतं. पाठीचे टेके, दांड्या, एका खिडकीची चौकटसुद्धा. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक आत डोकावून बघायचे. त्यांना वाटत असावं, ही बस एखाद्या मोठ्या अपघातातून जेमतेम वाचलेली आहे.

आत मात्र मजेचं राज्य होतं. थंडीत मटार सोलले जायचे, एरवी मेथी निवडली जायची. हिरवा, कडसर वास आणि डिझेल. कुणी केस विंचरायचं, कुणी फोनवर बहिणीशी तासभर भांडायचं, कुणी खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपायचं आणि कुणी त्याला हसायचं नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर विमल बसायची. पट्ट्या गुंडाळण्याच्या खात्यातली जुनी बाई. तिचा नवरा रंगकाम करायचा. परांचीवरून पडला आणि कमरेपासून अंथरुणाला खिळला. घरी तो आणि बारावीला बसलेली एकुलती मुलगी सपना. एकदा मी विमलला म्हटलं, ‘इतका लांबचा प्रवास, कंटाळा नाही येत?’ तर ती म्हणाली, ‘मॅडम, घरी मी नर्स असते, आई असते. कंपनीत कामगार असते. बसमध्ये मी नुसती बसते.’

होळी झाली आणि बसनं काळा धूर सोडायला सुरुवात केली. आधी चढावर, मग सपाटीलाही. एका सकाळी विठ्ठलवाडीच्या अलीकडे ती एक आचका देऊन थांबली. ऊन वर येत होतं. बायका खाली उतरल्या, डबे सीटवर ठेवून पदर खोचून ढकलायला लागल्या. हलीमा म्हणून एक धिप्पाड, हसरी बाई होती, ती ओरडली, ‘मॅडम, असंच ढकलत धायरीला नेऊ, साहेबांचं डिझेल वाचेल!’ सगळ्या हसल्या. मागून हॉर्न वाजत होते. ड्रायव्हर बाळासाहेब तेवढे हसले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, ते उभे राहिले.

बाळासाहेब मूळचे धायरीचेच. गाव शहरात गेलं तेव्हा त्यांची शेतीही गेली. भावांनी मिळून बिल्डरला दिली, बाळासाहेबांनी फक्त सही केली. कंपनीकडे वळताना उजव्या हाताला जी उंच इमारत लागते, ती त्यांच्या ज्वारीवर उभी आहे. त्याबद्दल ते कधी काही बोलत नसत. बस मात्र पहिल्या दिवसापासून त्यांनीच चालवली होती.

त्या दिवशी दामलेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब सत्तरीला आलेले, कपडे कायम कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून.

‘गोखलेबाई, बसचं काय करायचं?’

‘दुरुस्त तरी करायची साहेब, नाहीतर नवी घ्यायची.’

‘एवढं मलाही सुचलं होतं. पुढचं सांगा.’

पुढचं सांगायला मला थोडा वेळ लागला. आम्ही ज्यांच्याकडे जायचो ते गॅरेजवाले मिस्त्री येऊन बघून गेले. म्हणाले, ‘इंजिनाचं काम मी जबाबदारीनं करून देतो, नव्यासारखं होईल. खालच्या चासीचं, म्हणजे सांगाड्याचं, आत्ता काही बोलत नाही. रंगाखाली काय आहे ते गाडी खोलल्यावर बघू.’ मी साहेबांना सरळ सांगितलं, नवी घ्या. जुन्या गाडीच्या एका दुखण्यावर इलाज केला की दुसरं वर येतं, आणि आत माणसं असतात. साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी बाळासाहेबांना विचारलं.

‘आजून धा वर्सं चालंल, साहेब,’ बाळासाहेब म्हणाले. ‘विंजनाचं काम करा, बास. माझ्या सवयीची हाय ती.’

‘सवयीला पासिंग मिळत नाही, बाळासाहेब.’

‘नव्या गाडीला मंग नवा ड्रायवर आनावा लागंल,’ बाळासाहेब म्हणाले आणि टोपी हातात फिरवत खाली बघत राहिले.

तरी साहेबांनी आम्हा दोघांनाच नवी बस बघायला पाठवलं. हायवेवरच्या त्या काचेच्या शोरूममध्ये इतकं गार होतं की बाहेरचं ऊन खोटं वाटलं. नव्या प्लास्टिकचा गोड, डोक्यात चढणारा वास. विक्री करणारा तरुण मला ‘मॅम’ आणि बाळासाहेबांना ‘काका’ म्हणत होता. ‘काका, बसा ना, फील घ्या.’ बाळासाहेब चपला बाहेर काढून ड्रायव्हरच्या सीटवर चढले. मी म्हटलं, अहो, चपला घाला. ते नको म्हणाले. स्टिअरिंगवर हात ठेवले, समोरच्या काचेतून शोरूमच्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं, उतरले, चपला घातल्या. ‘चांगली हाय,’ एवढंच म्हणाले. परतताना रिक्षात त्यांनी मला हळूच विचारलं, ‘बाई, त्ये मागं घ्यायला टीव्हीवानी दिसतंय, त्ये शिकवत्यात का कुटं?’ तेव्हा मला कळलं की त्यांनी मनातल्या मनात नवी बस चालवायला घेतली होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये जागावाटप सुरू झालं. कोण खिडकीशी, कोण दाराशी, उलटी होणाऱ्या दोघींना पुढे. विमलनं मला विचारलं, ‘खिडक्या उघडतात का हो?’

‘एसी आहे. खिडक्या बंद असतात.’

‘मग मेथीच्या काड्या कुठं टाकायच्या?’

यावर मोठीच चर्चा झाली. शेवटी हलीमानं निकाल दिला की एसी बसमध्ये पालक निवडावा, काड्या कमी निघतात. पंधरा-वीस बायका पोट धरधरून हसत होत्या. बाहेर वडगावचा पूल धुळीत बुडालेला. तेवढ्या आठवड्यात मी आमच्या बायकांना एकमेकींशी कधी नव्हे इतकं ‘पुढच्या वर्षी’, ‘पावसाळ्यात’, ‘दिवाळीला’ असं बोलताना ऐकलं. पुढचं बोलायला माणसाला फार काही लागत नाही. एक बस पुरते.

पाडवा झाला. साहेब बसची मागणी नोंदवायला निघणार, त्याच आठवड्यात आमचा सगळ्यात जास्त माल घेणाऱ्या रुग्णालयाचा निरोप आला. तसाच माल त्यांना दुसरीकडून निम्म्या किमतीत मिळत होता. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. इतक्या वर्षांच्या संबंधांबद्दल आभार मानले होते.

साहेबांनी मला बोलावलं. पंखा चालू होता तरी खिडकीही उघडी टाकली होती, आणि त्यांच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. तसं त्यांना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

‘बाई, नवी बस मी उद्याच्या कंपनीसाठी घेत होतो. उद्याची कंपनी आहे की नाही, तेच आता समजेनासं झालंय. जुनीच दुरुस्त करू.’

मीही तेच केलं असतं. बाळासाहेबांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. पण बस गॅरेजला न्यायला निघाले तेव्हा ते मला म्हणाले, ‘टीव्हीचं शिकलो असतो मी.’

बस गॅरेजमध्ये गेली आणि उन्हाळा खऱ्या अर्थानं सुरू झाला. बायका आता सिटी बसनं यायला लागल्या. येरवड्याहून एक, स्वारगेटला उतरून दुसरी, धायरी फाट्यापासून पुढे चालत. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेले, चेहरे लाल. आल्या आल्या पाण्याच्या टाकीशी रांग लागायची. कलिंगडाच्या गाड्याजवळून येताना एकीला चक्कर आली, तिला इतरांनी धरून आणलं. बसमध्ये झोपणाऱ्या आता मशीनवर पेंगायला लागल्या. सुपरवायझर ओरडायचा, मग स्वतःच ओशाळायचा.

विमलच्या वस्तीत नळाला सकाळी थोडाच वेळ पाणी येतं. एरवी ती पाणी भरून, नवऱ्याला पुसून, चहा देऊन निघायची. आता पाणी यायच्या आधीच तिला घर सोडावं लागायचं. पाण्याचं आणि वडिलांचं सपनाकडे आलं. सपना बारावीचे पेपर देऊन नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला लागली होती, आमच्याच पेठेत, सकाळचा वर्ग. पहिले काही दिवस ती उशिरा पोचली. मग मधूनमधून. एक दिवस मी रजा घेतली होती, पिशवी घेऊन भाजीला निघाले तर क्लासच्या जिन्याखाली ती उभी दिसली. वरून शिकवण्याचा आवाज येत होता.

‘अगं, वर जा ना.’

‘उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत,’ ती म्हणाली. ‘इथं ऐकू येतं पण. बोर्डावरचं तेवढं दिसत नाही.’

जिन्याखाली सायकली, गाड्या, उन्हाची एक तिरपी पट्टी. त्या पट्टीत वही धरून ती लिहीत होती. मी वर जाऊन क्लासच्या बाईंशी बोलले. त्यांनी दोन दिवस तिला आत घेतलं. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. नळाला पाणी उशिरा आलं होतं.

मी विमलला म्हटलं, ‘बस येऊ दे, सगळं रुळावर येईल.’ असं मी त्या दिवसांत प्रत्येकीला सांगत होते. खोटं नव्हते बोलत. मलाही तसंच वाटत होतं.

आणि बस आली. आता या वयात मी फार कशाला सुंदर म्हणत नाही, पण त्या सकाळी टिळक रस्त्यावर वळून आलेली आमची बस सुंदर होती. नवा क्रीम रंग, ताजा निळा पट्टा, झेंडूचा हार. आत रेक्झिन नवं, गडद तांबडं. बँडेजं सगळी काढलेली. इंजिनाचा आवाज इतका मऊ की चढल्यावर पहिल्यांदा मी विचारलं, चालू आहे ना? बाळासाहेब आरशातून माझ्याकडे बघून हसले. दात पान खाऊन लाल झालेले. ‘आयका नुसतं,’ म्हणाले.

चैत्रगौर संपायला थोडे दिवस उरले होते. त्या शुक्रवारी आम्ही बसमध्येच हळदीकुंकू केलं. मी घरून वाटली डाळ आणि पन्ह्याचा मोठा डबा नेला होता. दांडेकर पुलावरच्या गतिरोधकावर थोडं पन्हं माझ्या साडीवर सांडलं, दिवसभर वेलदोड्याचा वास येत राहिला. चालत्या बसमध्ये हळदीची बोटं गालाऐवजी कानाला लागत होती. हलीमानं डाळ तीनदा मागून घेतली आणि तिच्यात कैरी कमी आहे असंही सांगितलं. विमलनं सगळ्यांना मोगऱ्याचे गजरे आणले होते. बाळासाहेबांनाही पन्हं दिलं. विठ्ठलवाडीला बस कडेला घेऊन, इंजिन चालूच ठेवून ते प्यायले. का कोण जाणे, त्या दिवशी सगळ्या रस्त्यावर एकही सिग्नल आम्हाला लागला नाही. खिडक्यांतून गरम वारा येत होता, गजरे हलत होते. मला त्या एका सकाळीपुरतं खरोखर वाटलं, की जुन्याच वस्तूला धरून राहिलं तर ती आपल्याला धरून राहते.

पुढच्या आठवड्यात पासिंग होतं. बाळासाहेबांबरोबर मीही गेले. मैदानात गाड्यांची रांग, सावलीला एक कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली सगळे ड्रायव्हर. निरीक्षक मध्यमवयीन, सौम्य माणूस. ब्रेक बघितले, दिवे बघितले, धूर तपासला. सगळं उत्तम. इंजिनाबद्दल तर तो स्वतःहून म्हणाला, ‘छान काम केलंय.’ मग हातात एक छोटी हातोडी घेऊन तो वाकला आणि खालच्या चासीवर ठोकत ठोकत मागे जायला लागला. ठण्. ठण्. ठण्. मागच्या चाकाच्या थोडं अलीकडे आवाज बदलला. ओल्या लाकडावर मारावं तसा. त्यानं पुन्हा मारलं. नव्या रंगाचा एक पापुद्रा सुटून खाली पडला आणि त्याच्यामागून तपकिरी भुगा गळायला लागला.

बाळासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

‘साहेब, विंजन नव्यासारकं करून बशिवलंय आता,’ ते म्हणाले.

‘इंजिनाला मी नावं ठेवत नाही, मामा. पण ज्याच्यावर बसवलंय ते गंजानं खाल्लंय. उद्या खड्ड्यात आदळून मधोमध मोडली तर? आत बायका असतात ना तुमच्या?’

‘असत्यात,’ बाळासाहेब म्हणाले.

एवढ्यावर बोलणं संपलं. त्या माणसावर रागावता येईना. त्यानं आमच्या बायकांचाच विचार केला होता. मी मिस्त्रींना फोन केला; ते म्हणाले, काम इंजिनाचं होतं, तेवढंच खोललं, मागची चासी खोललीच नव्हती; आता तळाला नवं पोलाद टाकायचं तर सगळी बॉडी उचलावी लागेल, त्यापेक्षा नवी गाडी घ्या. पण नव्या गाडीसाठी ठेवलेले पैसे इंजिनात गेले होते, आणि इंजिन अप्रतिम चालत होतं.

परत येताना बसमध्ये आम्ही दोघंच. तांबड्या रिकाम्या सीटा, दुपारचं ऊन त्यांच्यावर पुढे-मागे हलणारं. बाळासाहेब अगदी सावकाश, खड्डे चुकवत चालवत होते. नदीवरच्या पुलावर आलो तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, बगा कसं बोलतंय.’ मी ऐकलं. खरंच, दोन माणसं शेजारी बसून हळू आवाजात बोलत असावीत तसं ते इंजिन चाललं होतं.

दामलेसाहेबांनी हे बायकांना सांगायचं काम माझ्यावर ढकललं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नक्की सांगेन. ते स्वतः खाली आले. मशीनं थांबवली. कापसाचे तंतू उन्हाच्या कवडशात तरंगत होते. ते म्हणाले, बस पास झाली नाही, नवी घेण्याची ताकद कंपनीत राहिलेली नाही, येण्याजाण्याचा भत्ता पगारात देऊ.

विमलनं विचारलं, ‘साहेब, बस किती दिवस बंद?’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘बंद, विमलताई,’ म्हणाले.

कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. कुणी तरी मशीन सुरू केलं, मग बाकीची सुरू झाली.

पाऊस लागायच्या आधी हलीमा गेली. तिला घराजवळ एका लग्नाच्या हॉलमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालं. जाताना सगळ्यांना बर्फी वाटली, हसली, दारात गेल्यावर एकदम तोंडाला पदर लावला. मग एकेक. कुणी सांगून, कुणी न सांगता. भत्ता वेळेवर मिळत होता. पण भत्त्यानं झोप मिळत नाही, नळाची वेळ पुढे सरकत नाही. विमल सगळ्यात शेवटपर्यंत टिकली. सपना प्रवेशपरीक्षेला बसलीच नाही. मी रागावून विचारलं तेव्हा विमल म्हणाली, ‘मी नाही म्हटलं नाही, मॅडम. तीच म्हणाली, आई, तू नोकरी सांभाळ, मी घर सांभाळते. पुढच्या वर्षी देईन म्हणाली.’ मग हातातली पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, ‘पुढच्या वर्षी काय वेगळं असणार आहे, ते मी तिला विचारलं नाही.’ गणपतीनंतर विमलनंही काम सोडलं.

बस कंपनीच्या मागच्या अंगणात उभी होती. बाळासाहेबांना फाटकावर बसवलं होतं. ते रोज सकाळी मागे जाऊन इंजिन सुरू करायचे, आखडू नये म्हणून. थोडा वेळ चालू ठेवायचे, बंद करायचे, फाटकावर येऊन बसायचे. पावसाळाभर हे चाललं. चाकांभोवती टाकळा उगवला, मग तो उंच झाला. एके दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आता नका सुरू करू. दुसऱ्या दिवसापासून बाळासाहेब फाटकावर आले नाहीत. कुणी त्यांना काढलं नव्हतं.

भंगारवाले आले तेव्हा त्यांनी आधी इंजिन काढून बाजूला ठेवलं. त्याला लगेच गिऱ्हाईक मिळालं, कुठल्याशा वाळूच्या ट्रकला बसवणार होते. बाकीची बस गॅसकटरनं कापली. दोन दिवस अंगणात जळलेल्या रेक्झिनचा वास होता. पुढे कंपनीही राहिली नाही. जागा विकली गेली, साहेब मुलीकडे राहायला गेले, मी घरी बसले.

या दिवसांत, दुपारी पडून पंख्याकडे बघताना, मी तो सगळा चैत्र पुन्हा मांडून बघते. नवी बस आधीच घेतली असती तर? रुग्णालयाचं काम तरीही गेलंच असतं, आणि कर्जासकट बुडालो असतो. दुरुस्तीच्या आधी चासी ठोकून बघितली असती तर? बस महिनाभर आधी बंद झाली असती, आणि ती एक हळदीकुंकवाची सकाळही मिळाली नसती. साहेबांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, मिस्त्रींनी काम चोख केलं, निरीक्षकानं जीव वाचवले, बाळासाहेबांनी एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. प्रत्येकानं आपापलं बरोबर केलं. कुणी एक जण लबाड असता तर मला त्याच्यावर हा सगळा उन्हाळा टाकता आला असता. तसं कुणी सापडत नाही. निर्णय दुरुस्तीचा की नव्याचा, असं आम्ही इतके दिवस डोकं लावून बसलो होतो; खरं तर आमच्यापुढे निर्णय असा काही ठेवलेलाच नव्हता. आम्हाला फक्त तो घेतोय असं वाटायला थोडे दिवस मिळाले होते.

गेल्या आठवड्यात एका आजारी मावसबहिणीला बघायला येरवड्याला गेले होते. परतताना काचेच्या एका उंच इमारतीसमोर रिक्षा शोधत उभी असताना कुणीतरी ‘मॅडम’ म्हणून हाक मारली. विमल. निळसर गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात झाडूचा दांडा. केस बरेच पांढरे झालेले. इथे साफसफाईला असते म्हणाली, घरापासून चालत दहा मिनिटं. नवरा गेला, दोन वर्षं झाली. हे सगळं तिनं उन्हात डोळे बारीक करून, हसतमुखानं सांगितलं.

‘आणि सपना?’

‘आहे. माझ्याबरोबरच इथं लागली होती, पण शिफ्ट संपायच्या आधी सोडायचे नाहीत, तब्येत बिघडली, सोडलं. घरी असते.’ मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली, ‘तुमच्या ओळखीत बघा ना काही तिच्यासाठी. दवाखान्यात बिवाखान्यात. कसलंही चालेल.’

‘बघते हं,’ मी म्हणाले. ‘नक्की बघते.’

आतून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं. तिनं मान डोलावली, माझ्या दंडाला हलकेच हात लावला आणि काचेच्या दारातून आत गेली. रिक्षात बसून मी बरीच पुढे आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं माझा फोन नंबर मागितला नव्हता.